पुढचं ठरवू की नको? स्वादुपिंडाच्या कॅन्सरबरोबर जगणाऱ्या एका ताईंना उत्तर

पत्र, थोडं लहान करून:

"नमस्कार मॅडम. मी ५३ वर्षांची, सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत शिक्षिका. उन्हाळ्यापासून पाठ दुखायची, रात्री जास्त, पुढे वाकून बसलं की बरं वाटायचं. वजन उतरलं, शुगर नव्याने निघाली, सगळे म्हणाले पित्त आहे. मग कावीळ झाली, अंगाला खाज, तर गावात एकाकडून काविळीचं औषध आणलं, त्यात काही आठवडे गेले. शेवटी सीटी केला, पॅन्क्रियाजच्या (स्वादुपिंडाच्या) हेडला गाठ निघाली, बायोप्सीत कॅन्सर आला. गाठ रक्तवाहिनीला वेढून आहे म्हणून आत्ता ऑपरेशन नाही. पित्तनळीत स्टेंट टाकला, पुण्यात किमो चालू आहे, दर पंधरा दिवसांनी पंप लावून घरी येते. पहिल्या स्कॅनमध्ये 'स्टेबल' आलं. डॉक्टर म्हणतात अजून चार सायकल करू, मग बघू. हे 'मग बघू' मला आतून खातंय. मुलीचा साखरपुडा झालाय, मुलाकडच्यांना अजून काही सांगितलेलं नाही. दीर म्हणतात लग्न उरकून घ्या, मुलगी म्हणते तू बरी झाल्याशिवाय नाही. मिस्टर विषय निघाला की टीव्ही लावतात. सासूबाईंना अल्सर सांगितलाय. जो येतो तो म्हणतो पॉझिटिव्ह राहा, आणि बाहेर पडवीत गेला की पर्रीकरांचं नाव घेतो, मला आत ऐकू येतं. मला किती दिवस आहेत? पुढचं काही ठरवू की नको?"

ताई,

तुम्ही शेवटी विचारलेल्या दोन प्रश्नांचंच आधी बोलते, कारण घरातलं बाकी सगळं त्यांच्यापाशीच अडलंय.

मी डॉक्टर नाही. कॅन्सरच्या पेशंटशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं काम आहे आणि ते बरीच वर्षं करतेय. किती दिवस आहेत हे मी सांगू शकत नाही, तुमचे डॉक्टरही तारीख सांगू शकणार नाहीत, पण 'मग बघू'च्या पुढे ते बरंच सांगू शकतात आणि बहुतेक वेळा सांगत नाहीत कारण आपण तसं विचारत नाही. आपण विचारतो, "डॉक्टर, बरं होईल ना?" आता या प्रश्नाला पेशंटच्या तोंडावर नाही कोण म्हणणार, मग ते म्हणतात प्रयत्न करू, बघू, आणि आपण घरी येऊन त्या 'बघू'चा अर्थ लावत रात्र काढतो. पुढच्या वेळी असं विचारा: "माझ्यासारखी परिस्थिती असलेल्या शंभर पेशंटचं साधारण काय होतं? चांगलं गेलं तर काय, वाईट गेलं तर काय, आणि बहुतेकांचं काय?" एक आकडा मागू नका, तीन मागा. सोबत मुलीला न्या आणि तिला लिहून घ्यायला सांगा, कारण अशा वेळी आपल्याला पहिलं वाक्य ऐकू येतं आणि पुढचं सगळं कानावरून जातं.

डॉक्टर जो आकडा सांगतात तो बहुतेक वेळा मधला असतो, म्हणजे निम्मे पेशंट त्याच्या आधी जातात आणि निम्मे त्याच्या पुढे जगतात. तुम्ही शाळेत सरासरी शिकवता, हे तुम्हाला लगेच कळेल. पुढे गेलेल्या कॅन्सरच्या बऱ्याच ट्रायल एकत्र करून पाहिल्या तेव्हा असं दिसलं की साधारण निम्मे पेशंट त्या मधल्या आकड्याच्या अर्ध्यापासून दुपटीपर्यंतच्या पट्ट्यात येतात, शंभरातले पाच ते दहा जण तिप्पट-चौपट किंवा त्याहूनही पुढे जातात, आणि जवळपास तितकेच अगदी लवकर जातात. समजा मधला आकडा एक वर्ष आहे (हा फक्त हिशेब समजावा म्हणून घेतला, तुमचा आकडा म्हणून नाही), तर निम्मे लोक सहा महिने ते दोन वर्षं यात असतील आणि काहीजण तीन-चार वर्षांच्याही पुढे. वाईट टोक खोटं नाही आणि चांगलं टोकही खोटं नाही. आणि तुम्हाला आकडे ऐकायचेच नसतील तर तोही तुमचा हक्क आहे, तसं स्पष्ट सांगा, "मला आकडा नको, फक्त पुढच्या स्कॅनपर्यंत काय करायचं ते सांगा." काही दिवसांनी मन बदललं तर पुन्हा विचारता येतं.

आता 'स्टेबल'. तुमच्या पत्रात हा शब्द असा आलाय जणू कुणी उत्तरच दिलं नाही. या आजारात चार सायकलनंतर गाठ वाढलेली नाही आणि दुसरीकडे कुठे पसरलेली नाही ही चांगली बातमी आहे, तशी ती घ्या. गाठ रक्तवाहिनीला वेढून असते तेव्हा आधी किमो देतात, त्यात काहींची गाठ मोकळी होते आणि ऑपरेशनचा विचार पुन्हा सुरू होतो. सगळ्यांचं होत नाही, हेही खरं. पण एक गोष्ट बऱ्याच घरांत माहीत नसते: किमोनंतर सीटीमध्ये जे दिसतं त्यात जिवंत गाठ किती आणि नुसता मेलेला, कडक झालेला भाग किती हे नीट ओळखता येत नाही. म्हणून पुढच्या स्कॅननंतर ती सीडी अशा सर्जनना दाखवा जे स्वादुपिंडाचीच ऑपरेशनं नेहमी करतात. व्हिपल म्हणतात ते ऑपरेशन मोठं आहे आणि जिथे ते वारंवार होतं तिथले रिझल्ट चांगले असतात. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये सेकंड ओपिनियन घेता येतं. तुमच्या डॉक्टरांना वाईट वाटेल असं मनात आणू नका, ही रोजची गोष्ट आहे, त्यांनाच विचारा की कोणाला दाखवू.

रक्तातला तो सीए १९-९, म्हणजे या कॅन्सरचा अंदाज घ्यायला तपासतात तो आकडा, दर वेळी घरात परीक्षेच्या निकालासारखा वाचला जात असेल. तो एकट्याने काही सांगत नाही. स्टेंट तुंबून पित्त अडलं तरी तो चढतो, आणि काही माणसांच्या शरीरात तो तयारच होत नाही. लॅबचा रिपोर्ट रात्री मोबाईलवर आला की तो उघडून गुगल करत बसू नका, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर उघडा.

पडवीतल्या बोलण्याबद्दल. पर्रीकर साहेबांचं नाव निघणारच, गोव्यात आणि आपल्याकडे हा आजार घराघरात माहीत झाला तो त्यांच्यामुळे. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते ॲडमिट झाले आणि १७ मार्च २०१९ ला गेले, लोकांच्या डोक्यात तेवढं एक वर्ष बसलंय. पण त्यांच्या गाठीचा प्रकार, स्टेज, शरीराने औषधाला दिलेला प्रतिसाद यातलं पडवीतल्या कुणाला काहीही माहीत नाही, आणि तुमचंही माहीत नाही. उलट्या बाजूने कुणीतरी स्टीव्ह जॉब्सचं नाव घेऊन धीर देईल की तो आठ वर्षं जगला. त्याला झालेला प्रकार वेगळा होता, न्यूरोएंडोक्राइन, तो सावकाश वाढतो आणि त्याची ट्रीटमेंटही वेगळी असते. दोन्ही माणसांशी स्वतःला जोडू नका. पर्रीकरांचं एक मात्र मला महत्त्वाचं वाटतं, ते शेवटपर्यंत आपलं काम करत राहिले, जानेवारी २०१९ मध्ये नाकात नळी असताना त्यांनी विधानसभेत बजेट मांडलं. कुणी म्हणेल त्यांनी आराम करायला हवा होता. मला वाटतं आजारी माणसाने काय करायचं हे त्या माणसाने ठरवायचं असतं.

आणि म्हणून, पुढचं ठरवू की नको याचं माझं उत्तर आहे: ठरवा. खात्री येण्याची वाट बघत बसलात तर ती येणार नाही, दर स्कॅनला एक नवं 'बघू' येईल आणि मधले महिने वाट बघण्यातच जातील. फक्त ठरवायची पद्धत बदला. प्रत्येक निर्णयाला दोन प्रश्न विचारा. मी अजून पाच वर्षं जगले तर याचा पश्चात्ताप होईल का? आणि माझ्याकडे थोडेच महिने असतील तर याचा पश्चात्ताप होईल का? दोन्हीचं उत्तर 'नाही' आलं की तो निर्णय घेऊन टाका. एकाचं जरी 'हो' आलं तर तो पुढच्या स्कॅनपर्यंत ठेवा. उदाहरणार्थ नोकरी. तुम्ही लिहिलं नाहीये पण राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्ती हे घरात कुणीतरी बोललंच असेल. त्यात आत्ता हात घालू नका, रजेवर राहा, कारण तब्येत सावरली तर वर्ग हातचा गेल्याची हळहळ राहील आणि नाही सावरली तर सेवेत असण्याचे फायदे घरच्यांसाठी महत्त्वाचे ठरतील, ते आधी ऑफिसात नीट समजून घ्या.

लग्नाचं याच पद्धतीने बघा. दीर म्हणतात 'उरकून घ्या', मुलगी म्हणते 'तू बरी झाल्याशिवाय नाही'. दोघांच्याही बोलण्यात तुमचा आजारच तारीख ठरवतोय. लेकीला एकटीला घेऊन बसा आणि विचारा, आई ठणठणीत असती तर तू कधी आणि कसं लग्न केलं असतंस? तिने 'पुढच्या मे मध्ये' म्हटलं तर प्रश्न मे की त्याआधी एवढाच उरतो. दोन्ही बाजूंनी बरोबर ठरेल असा एक मार्ग बऱ्याच घरांत चालतो, आत्ता घरातल्या चाळीस-पन्नास माणसांत लग्न आणि पुढे जमेल तेव्हा रिसेप्शन. पण मुलगी खरंच अजून तयार नसेल तर आईच्या डोळ्यांदेखत व्हावं म्हणून तिला ढकलू नका, तिला त्या लग्नात पुढची चाळीस वर्षं राहायचंय. तारीख धरली तर ती आधी डॉक्टरांना सांगा. एखादी सायकल आठवडाभर पुढे ढकलता येते, तुमचा पंधरवडा तुम्हाला पाठ झालाच असेल, पंप काढल्यानंतरचे चार-पाच दिवस वाईट आणि दुसरा आठवडा बरा, त्या बऱ्या आठवड्यात हळद-लग्न बसवायचं. पांढऱ्या पेशी कमी असल्या तर मांडवात मास्क लावा, फोटोची चिंता करू नका. आणि हिवाळ्यात सकाळचा मुहूर्त घेऊ नका, त्या किमोने थंडी किती टोचते ते तुम्हालाच ठाऊक.

मुलाकडच्यांना सांगा. लग्नाआधी, तुम्ही स्वतः, शक्यतो मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना समोर बसवून. लपवलेलं बाहेर येतंच, सातारा-पुणे एवढ्या फेऱ्या कुणाच्या नजरेत येत नाहीत असं होत नाही, आणि मग लेकीच्या संसाराची सुरुवात 'आम्हाला फसवलं' इथून होते. त्यांना भीती वाटेल की हे रक्तातून येतं का. त्याचं खरं उत्तर: साधारण दहातल्या नऊ तरी पेशंटमध्ये घराण्यातून आलेला दोष सापडत नाही. बाकीच्यांत सापडतो, त्यात ब्राका नावाचे जीन्स येतात, आणि म्हणून या कॅन्सरच्या प्रत्येक पेशंटने ही रक्ताची तपासणी करून घ्यावी असं आता सांगतात. ती तुमच्यासाठीही उपयोगाची आहे, दोष सापडला तर औषधं निवडताना त्याचा विचार होतो, आणि मुलीला पुढे कोणत्या तपासण्या कधी करायच्या ते कळतं. डॉक्टरांनी विषय काढला नसेल तर तुम्ही काढा. आणि हे सगळं ऐकून मुलाकडचे मागे फिरले तर, ताई, ते आत्ता फिरलेले बरे.

आता रोजचं. यावर जरा जास्त लिहिते, कारण पुढच्या वर्षाची काळजी करणारी बाई आज दुपारी जेवली नाही हे घरात कुणाच्या लक्षात येत नाही.

जेवल्यावर पोट फुगतं का, गुडगुडतं का, शौचाला तेलकट, फिकट, पाण्यावर तरंगणारं होतं का, भांड्याला चिकटतं का, वास फार येतो का? असेल तर ते किमोमुळेच असेल असं धरू नका. स्वादुपिंडातून अन्न पचवणारे रस येतात, ते कमी पडले की खाल्लेलं अंगी लागत नाही आणि माणूस भरपूर खाऊनही वाळत जातो. त्यासाठी पॅन्क्रियाटिनच्या कॅप्सूल मिळतात. बऱ्याच पेशंटना त्या लिहून दिलेल्या असतात पण नीट सांगितलेल्या नसतात, मग ते जेवण झाल्यावर घेतात आणि म्हणतात काही फरक नाही. ती पहिल्या घासाबरोबर घ्यायची, जेवण लांबलं किंवा दोन-तीन कॅप्सूल असल्या तर एखादी मध्ये, चावायची नाही, गरम चहाबरोबर नाही, साध्या पाण्याबरोबर. दुधाचा ग्लास, लाडू, भजी, ज्यात तूप-तेल-दूध आहे अशा मधल्या खाण्याबरोबरही लागते. डोस किती तो डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ ठरवतील आणि बरेचदा तो वाढवावा लागतो. एक गोष्ट उघड सांगते, ही कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात. तुम्ही माळकरी असाल किंवा घरात शाकाहार कडक असेल तर नंतर कळून मनस्ताप होण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं, डॉक्टरांशी बोला आणि मग ठरवा. मी भेटलेल्या बऱ्याच शाकाहारी घरांनी औषध म्हणून घेतली आहे.

खाण्यावर घरात जो तो डॉक्टर झालेला असतो. साखर बंद, दूध बंद, तेल बंद, गव्हांकुराचा रस चालू. तुमचं वजन उतरलंय, शरीराला आत्ता ताकद लागणार आहे, बंदीची यादी कमी करा. दोन वेळच्या ताटाऐवजी दिवसात सहा वेळा थोडं थोडं, मऊ भात-वरण-तूप, मुगाचं धिरडं, अंडं, पनीर, दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर (काकडी घरी धुऊन-सोलूनच), नाचणीची आंबील, हुलग्याचं माडगं, जे घशाखाली उतरतं ते. शुगर वाढली तर जेवण कापायचं नाही, औषध किंवा इन्सुलिन बसवून घ्यायचं. दिरांनी वैद्यांचं नाव सुचवलं असेलच, किमो बंद करून काढा चालू असं काही करू नका, आणि किमोसोबत काही घ्यायचं असेल तर बाटली डॉक्टरांना दाखवूनच, कारण काविळीतून उठलेल्या लिव्हरवर काय ताण येईल ते सांगता येत नाही.

थंडीचं. ऑक्झॅलिप्लॅटिन या किमोच्या औषधाने बोटांना मुंग्या येतात, फ्रिजचं दार, स्टीलचा थंड तांब्या, सकाळचं नळाचं पाणी, सगळं शॉक लागल्यासारखं वाटतं, गार पाणी प्यायलं तर घसा आवळल्यासारखा होतो. किमोनंतरचे काही दिवस फ्रिज दुसऱ्याने उघडायचा, पाणी कोमट, हातमोजे. पण पुढची सायकल आली तरी मुंग्या जात नसतील, ब्लाउजचे हूक लागत नसतील, पेन धरवत नसेल तर ते सहन करत बसू नका. डॉक्टर त्या औषधाचा डोस कमी करू शकतात, पण सांगितलं तरच. तुम्हाला परत खडू धरायचाय.

आणि काही गोष्टींत सकाळपर्यंत थांबायचं नाही. ताप १०० च्या वर गेला, थंडी वाजून आली, डोळे किंवा लघवी पुन्हा पिवळी झाली (स्टेंट तुंबला असू शकतो), एकच पाय सुजला आणि दुखायला लागला किंवा अचानक धाप लागली (या आजारात रक्ताच्या गाठी लवकर होतात), उलट्या थांबत नाहीत. रात्री दोन वाजता सुद्धा फोन आणि गाडी. साताऱ्यात जवळ कुठे ॲडमिट व्हायचं ते तुमच्या पुण्याच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा आणि फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पाठदुखी अजून आहे का ते तुम्ही लिहिलं नाही. असेल आणि गोळ्यांनी भागत नसेल तर मॉर्फिनचं नाव ऐकून घाबरू नका. मॉर्फिन म्हणजे शेवट आला असं आपल्याकडे पक्कं बसलंय, आणि त्यापायी माणसं महिनोन् महिने रात्री बसून काढतात. ते दुखण्यासाठी असतं, डॉक्टरांच्या हिशेबाने घेतलं तर त्याची व्यसन लागायची भीती नको, बद्धकोष्ठ होतो म्हणून सोबत पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून घ्यायचं. या जागेच्या दुखण्यासाठी नसांच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन ती बधिर करायचाही उपाय आहे, त्याला सीलियाक ब्लॉक म्हणतात, पेन क्लिनिकमध्ये होतो. झोप लागली की निम्मी भीती उतरते, हे मी कितीतरी जणांत पाहिलंय.

'पॉझिटिव्ह राहा'बद्दल. लोक ते प्रेमाने म्हणतात, पण ऐकणाऱ्यावर त्याचं ओझं होतं, कारण त्यात एक गृहीत असतं की तू रडलीस तर गाठ वाढेल आणि ती चूक तुझी. रडण्याने किंवा घाबरण्याने ही गाठ वाढते असं कुठेही सिद्ध झालेलं नाही. तुम्हाला झालेला आजार तुमच्या विचारांनी झालेला नाही आणि तुमच्या विचारांनी अडणारही नाही. रडायचं तेव्हा रडा. फक्त सलग दोन आठवडे कशातच मन लागत नाही, झोप नाही, लेकीशीही बोलावंसं वाटत नाही असं झालं तर ते डॉक्टरांना सांगा, त्यालाही औषध आहे.

मिस्टरांचं टीव्ही लावणं मला दुष्टपणाचं वाटत नाही, घाबरल्याचं वाटतं. समोरासमोर बसवून 'आपण बोलूया' म्हटलं की बरेच पुरुष पळतात. किमोला जाताना गाडी तेच चालवत असतील तर तिथे बोला, गाडीत नजर रस्त्यावर असते, टीव्ही नसतो, आणि पुढे तासभर उतरून जायला जागा नसते. एकच विचारा, "तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?" आणि मग गप्प राहा, दहा मिनिटं गेली तरी. लगेच उत्तर आलं नाही तर परतीच्या रस्त्यात येईल. मग तुमची भीती तुम्ही सांगा. बहुतेक जोडप्यांत दोघंही तीच एक भीती एकमेकांपासून लपवत असतात.

सासूबाईंना अल्सर सांगितलाय, पण केस गेलेत, पंप लावून सून घरी येते, त्यांना कळत नसेल असं तुम्हाला खरंच वाटतं? त्यांचं वय बघून आकडे आणि स्टेज सांगायची गरज नाही, पण "आई, मला कॅन्सर आहे, औषध चालू आहे, सध्या वाढलेला नाही" एवढं सांगा. त्या रडतील. मग त्यांना काहीतरी काम द्या, दुपारची आंबील त्यांच्याकडे. म्हाताऱ्या माणसाला घरात सगळे कुजबुजतात आणि आपण आलो की गप्प होतात याचा फार त्रास होतो.

कागदपत्रं मघाच्या त्या पश्चात्तापाच्या दोन प्रश्नांच्या परीक्षेत सहज पास होतात, म्हणून लगेच करा. फंडावर, बँकेत, विम्यावर वारसाचं नाव कोणाचं आहे ते तपासा, कितीतरी शिक्षिकांच्या जुन्या फॉर्मवर अजून माहेरच्यांची नावं असतात. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, रजिस्टर करणंही सक्तीचं नाही, दोन साक्षीदारांच्या समोर सही लागते, साक्षीदार वारसांपैकी नसावेत. आणि पुढे कधी व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही असा प्रसंग आला तर माझं म्हणणं काय, हेही लिहून ठेवता येतं, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये ते मान्य केलंय आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केलीय, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. हे लिहिलं म्हणजे हार मानली असं नाही, उद्या लेकीला आयसीयूच्या दारात एकटीने ठरवायला लागू नये म्हणून ते करायचं.

आता दीर. त्यांना काहीतरी करायचंय आणि काय ते कळत नाहीये, म्हणून ते लग्नाच्या आणि वैद्यांच्या मागे लागलेत. त्यांना खरी कामं द्या. एक, तुमच्या वैद्यकीय प्रतिपूर्तीची फाईल, बिलं, डिस्चार्ज कार्ड, सह्या-शिक्के, ऑफिसचे हेलपाटे, हे तुम्ही करायचं काम नाही. दुसरं, पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, १९९७ पासून चालू आहे आणि तिथे पेशंटकडून पैसे घेत नाहीत. ते नाव ऐकून शेवटच्या दिवसांची जागा असं समजू नका, किमो चालू असतानाच दुखणं, खाणं, झोप, घरच्यांचं बोलणं या सगळ्यासाठी तिथे जाता येतं. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटवर २०१० मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासात ज्यांना अशी मदत सुरुवातीपासून मिळाली ते जास्त बरे राहिले आणि जास्त जगलेही. दिरांनी तिथे या आठवड्यातच फोन करावा आणि तुमच्या पुढच्या किमोच्या आदल्या दिवशीची वेळ मिळते का ते बघावं, म्हणजे पुण्याची वेगळी खेप पडणार नाही.